ओतावालोचा बाजार: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इक्वेडोरच्या उत्तरेला, इम्बाबुरा प्रांतात, अँडीजच्या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खोऱ्यात ओतावालो वसलंय. उंची साधारण २,५०० मीटर. मूलनिवासी किचवा लोकांच्या विणकामाचा इथला बाजार दक्षिण अमेरिकेत सगळ्यात नावाजलेल्या बाजारांपैकी एक. गालापागोस किंवा माचू पिचूच्या सहलीला जोडून इथे येणारी मराठी मंडळी पुन्हापुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं एकत्र केली आहेत. काही ठिकाणी आमचं मतही आहे, ते मत म्हणूनच घ्या.

बाजार कधी भरतो? शनिवारीच जायला हवं का?

प्लासा दे पोंचोस (पोंचो म्हणजे डोक्यातून घालायचं घोंगडीसारखं वस्त्र) या चौकात कापडाची दुकानं रोज लागतात. शनिवारी मात्र बाजार चौकात मावत नाही. आजूबाजूच्या गल्ल्या भरतात, सुक्रे रस्त्यावर तर चालायला वाट काढावी लागते. खेड्यापाड्यांतून लोक येतात, गुरांचा बाजार भरतो, भाजी-धान्याची मंडई ओसंडते. गावाचा खरा आठवडी बाजार बघायचा असेल तर शनिवारला पर्याय नाही.

फक्त खरेदी करायची असेल तर बुधवार उत्तम. माल पुरेसा असतो, गर्दी कमी असते आणि विणणाऱ्याशी दोन शब्द बोलायला त्यालाही फुरसत असते.

शनिवारची एक युक्ती: शुक्रवारी संध्याकाळीच मुक्कामाला या. राजधानी क्विटोहून सहलींच्या गाड्या दहा-अकराच्या सुमारास येऊन थडकतात आणि दुपारी तीनला परत फिरतात. तेवढ्या वेळात जे दिसतं ते म्हणजे दोन हजार स्वेटर आणि पाचशे पर्यटक. सकाळी सातला विक्रेते पाठीवरची गाठोडी सोडत असतात, लोखंडी सांगाडे उभे करत असतात, शेजारणीकडून गरम पेय घेऊन पीत असतात. बाजार तेव्हा आपल्या माणसांचा असतो.

क्विटोहून कसं जायचं?

क्विटोच्या उत्तर टोकाला कार्सेलेन हे बसस्थानक आहे. तिथून दिवसभर थोड्या थोड्या वेळाने बस सुटतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, वेळ दोन तास, भाडं दोन-तीन डॉलर. 'ट्रान्स ओतावालो' किंवा 'लोस लागोस' या पाट्यांची बस पकडा, ती गावातल्या स्थानकापर्यंत जाते. पुढे उत्तरेला इबारा किंवा तुलकान या शहरांना जाणाऱ्या बस बऱ्याचदा महामार्गावरच उतरवतात आणि मग सामान घेऊन आत चालत यावं लागतं.

क्विटोचा विमानतळ शहराच्या पूर्वेला ताबाबेलाला आहे. तिथून थेट टॅक्सी केली तर क्विटोत शिरायचीही गरज नाही.

वाटेत कायांबे गावाजवळ विषुववृत्त ओलांडलं जातं. तिथे कित्सातो नावाचं मोठं सूर्यघड्याळ आहे. क्विटोजवळच्या प्रसिद्ध स्मारकापेक्षा इथे गर्दी कमी आणि माहिती जास्त मिळते. कायांबेत बसमध्ये चढून बाई बिस्कोचो विकते. हे लोणी घातलेलं खुसखुशीत पावाचं बोट, सोबत 'केसो दे ओहा' म्हणजे पानात गुंडाळलेलं पदर सुटणारं चीज. घ्याच.

व्हिसा आणि लशीचं काय?

भारतीय पासपोर्टसाठी इक्वेडोरचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. तिकीट काढण्याआधी नवी दिल्लीतल्या इक्वेडोरच्या दूतावासाकडून ताजा नियम लेखी मिळवा. यूट्यूबवरच्या व्हिडिओच्या भरवशावर राहू नका. विमान अमेरिकेतून बदलणार असेल तर नुसतं बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. म्हणून बरेच जण माद्रिद किंवा ॲमस्टरडॅममार्गे जातात. त्या विमानतळांचे नियमही तपासून घ्या.

लशीबद्दल लोक हमखास विसरतात. ओतावालो उंचावर असल्यामुळे तिथे पिवळ्या तापाची भीती नाही, पण भारत सरकारच्या यादीत इक्वेडोर पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून परतताना लशीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर मुंबईला उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. तेव्हा आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

उंचीचा त्रास होतो का?

२,५०० मीटरवर बहुतेकांना किरकोळ डोकेदुखी आणि जिना चढताना धाप, एवढंच होतं. क्विटो उलट जास्त उंच आहे, साधारण २,८५० मीटर. पहिल्या दिवशी पोटभर जेवण आणि दारू टाळा, पाणी पीत राहा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. ऊन मात्र फसवं असतं. हवा गार लागते म्हणून टोपी काढून ठेवली की संध्याकाळपर्यंत नाक सोलवटतं.

गुरांचा बाजार बघण्यासारखा असतो का?

शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात लहानपण गेलेल्या माणसाला तिथे जराही परकं वाटणार नाही. शनिवारी पहाटे, उजेड व्हायच्या आत, तो सुरू होतो आणि नऊ-दहापर्यंत आटोपतो. टॅक्सीवाल्याला 'फेरिया दे आनिमालेस' एवढंच सांगा, गावातल्या गावात दीड-दोन डॉलरांत सोडेल.

गाई, डुकरं, मेंढ्या, क्वचित यामा म्हणजे लामा, कोंबड्या. बाया एका हातात तीन-चार पिल्लांची दावी धरून उभ्या असतात. पिल्लं वेगवेगळ्या दिशांना ओढत असतात आणि बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. एका कोपऱ्यात विणलेल्या पिशव्या जमिनीवर ठेवलेल्या दिसतात आणि त्या मधूनच हलतात. आत कुय असतात, म्हणजे गिनीपिग. गिऱ्हाईक एकाला बाहेर काढतं, उलटं करतं, पोटावरून अंगठा फिरवून मांस चाचपतं, नर की मादी ते बघतं आणि परत पिशवीत सोडतं. हे पाळायला नेत नाहीत, खायला किंवा पैदाशीला नेतात. ज्यांना असं काही बघवत नाही त्यांनी सरळ मंडईत जावं.

पाऊस झाला असेल तर चिखल घोट्यापर्यंत. पांढरे बूट हॉटेलात ठेवा.

'मूलनिवासींचा बाजार' म्हणजे गरीब कारागिरांना मदत करणं, असंच ना?

असं समजून कुणी आलं की आम्हाला जरा अवघडल्यासारखं होतं. ओतावालोचे किचवा हे अमेरिका खंडातले सगळ्यात मुरलेले मूलनिवासी व्यापारी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या गावात बांधलेली तीन-चार मजली घरं, त्यांच्या मालकीची हॉटेलं, यंत्रमाग आणि युरोप-अमेरिकेत माल पाठवणाऱ्या पेढ्या बघितल्या की ते लक्षात येतं. युरोपातल्या एखाद्या चौकात लांब वेणीचे, पोंचो घातलेले तरुण बासरीसारखी पानपाइप वाजवताना तुम्ही पाहिले असतील, तर त्यातले पुष्कळ इथलेच. वाजवताना शेजारी स्वेटरही विकायचे, ही ओतावालोची जुनी रीत.

याचा इतिहास मोठा आहे आणि सगळा सुखाचा नाही. इंका येण्याच्या कितीतरी आधी या भागात 'मिंदालाए' नावाचे व्यापारी होते. ते डोंगरातून जंगलात आणि किनाऱ्याकडे कापूस, मीठ, शिंपले, कोकाची पानं नेत-आणत. पंधराव्या शतकाच्या अखेरीला इंकांनी हा मुलूख जिंकला. इबाराजवळच्या तळ्याला आजही यावारकोचा, म्हणजे रक्ताचं तळं म्हणतात, ते त्या लढाईतल्या कत्तलीवरून. इंकांचं राज्य जेमतेम काही दशकं टिकलं आणि स्पॅनिश आले. त्यांनी मेंढ्या आणल्या, पावड्यांचे, म्हणजे पायाने चालवायचे माग आणले आणि 'ओब्राहे' काढले. या कापडाच्या कोठ्या होत्या. तिथे मूलनिवासींना वेठीला धरून, कर्जात अडकवून, पहाटेपासून रात्रीपर्यंत विणायला लावत. ओतावालो आणि शेजारच्या पेगुचे गावच्या कोठ्या त्यात नामांकित होत्या. कोठ्या बंद पडल्या तरी वेठ संपली नाही. जमीनदाराच्या मळ्यावर राबायचं आणि बदल्यात कसायला एक तुकडा मिळवायचा, या 'वासिपुंगो' पद्धतीवर १९६४च्या जमीनसुधारणेने कायद्याने बंदी आणली.

विणकामाचं हे जोखड लोकांनी कमाईचं साधन केलं. १९१७च्या सुमारास पेगुचेच्या एका विणकराने स्कॉटलंडच्या ट्वीडचा नमुना पाहून तसंच कापड पावड्यांच्या मागावर काढलं आणि क्विटोच्या बाबूलोकांना ते आयात मालापेक्षा स्वस्तात विकलं. मग घराघरांत माग लागले. त्या पैशातून कुटुंबांनी जमिनी परत विकत घेतल्या. राजकारणातही हेच चित्र आहे. शेजारच्या कोताकाचीत १९९६ला औकी तितुआन्या आणि ओतावालोत २००० साली मारियो कोनेहो हे किचवा महापौर निवडून आले. ज्या गावात किचवा माणसाने फुटपाथवरून खाली उतरून वाट द्यावी अशी अपेक्षा असे, त्या गावाची ही गोष्ट.

त्यामुळे दयेपोटी काही विकत घेऊ नका. आवडलं तर घ्या. समोरची बाई धंदा करायला बसली आहे आणि तो तिला तुमच्यापेक्षा नक्कीच चांगला जमतो.

सगळं हातमागावरचं असतं का? अल्पाका या लामासारख्या प्राण्याची लोकर खरी असते का?

नाही, आणि विक्रेतेही थेट विचारलं तर बहुतेक वेळा खरं सांगतात. चौकातला मोठा वाटा यंत्रमागावरचा आणि अॅक्रिलिकचा आहे. 'बेबी अल्पाका' म्हणून दहा-बारा डॉलरला मिळणारी मऊ मऊ शाल अॅक्रिलिकचीच. तिच्यावर ब्रशने लव उठवलेली असते, म्हणून ती हाताला इतकी लोभस लागते. खरं अल्पाकाचं सूत मुख्यतः पेरूहून येतं आणि त्या भावात सूतसुद्धा मिळत नाही. काही स्वेटर, टोप्या तयारच पेरू-बोलिव्हियाहून येतात.

यात फसवणूक कमी आणि व्यापार जास्त आहे. अॅक्रिलिक ही स्थानिक कुटुंबांचीच कारखानदारी आहे. ती शाल गावातच विणली जाते, पैसा गावातच राहतो, शिवाय ती मशीनमध्ये धुता येते. फक्त काय घेतोय ते ठाऊक असावं.

ओळखायचं कसं? अल्पाका हाताला गार आणि जड लागते, मुठीत धरून सोडली की सुस्तपणे खाली पडते. अॅक्रिलिक हलकं, उसळतं आणि कोरड्या हवेत केसांना चिकटतं. मेंढीची लोकर थोडी टोचते, तिला किंचित तेलकट वास असतो. धागा जाळून पाहिला तर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते, अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. हा प्रयोग हॉटेलात करा, कुणाच्या दुकानापुढे काडेपेटी काढू नका.

भिंतीवर लावायचे विणलेले पट, 'तापिस', उलटून बघा. हातमागावरचा पट दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे कधीकधी बारीक फट असते, प्रकाशासमोर धरली की दिसते. काठ किंचित वाकडातिकडा असतो. यंत्राच्या मालाच्या मागे सुटे धागे लोंबतात किंवा काठ कापून शिवलेला असतो. नक्षीवरून मात्र जुनं-नवं ठरवू नका. मासे हळूहळू पक्षी होत जातात अशी नक्षी पाहून कुणी ती प्राचीन समजेल. ती एशर या डच चित्रकाराच्या चित्रांवरून घेतली आहे. गिऱ्हाइकांना काय आवडतं ते विणकरांनी हेरलं आणि मागावर चढवलं.

अजूनही अस्सल हाताचं हवं असेल तर 'चुंबी' बघा. हा बायकांचा कंबरपट्टा. तो कमरेच्या मागावर विणतात: ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं टोक विणणाऱ्याच्या पाठीमागून घेतलेल्या पट्ट्याला. ताण हवा तर मागे रेलायचं, सैल हवा तर पुढे झुकायचं. माग म्हणजे चार काठ्या आणि माणसाचं अंग, बाकी काही नाही. असा पट्टा पिशवीच्या कोपऱ्यात मावतो आणि चौकातल्या निम्म्या मालापेक्षा त्यात जास्त कसब असतं.

घासाघीस करायची का? किती?

करायची, पण बेताने. पहिल्या भावातून पंधरा-वीस टक्के कमी होणं ठीक. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या की भाव आपोआप खाली येतो. निम्म्यापासून सुरुवात करायची सवय इथे चालत नाही. आवाज चढवणं तर अजिबात नको, किचवा लोक हळू बोलतात. भाव पटला नाही तर हसून 'ग्रासियास' म्हणा आणि पुढे चला. परवडत असेल तर बोलावतील. भाव ठरल्यावर घेतलंच पाहिजे, हे आपल्याकडच्यासारखंच.

मंडईत धान्य-भाजी घेताना भाव पाडू नका, 'यापा' मागा. भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते ना, तसं. मागायला हक्काने मागतात आणि देणारी देतेच. नेहमीच्या गिऱ्हाइकाला आणि विक्रेतीलाही 'कासेरा' किंवा लाडाने 'कासेरिता' म्हणतात. तुम्हालाही पहिल्याच दिवशी तशी हाक येईल.

काय घ्यावं आणि काय टाळावं?

चुंबी वर आलीच. लोकरीचं जाड घोंगडं चांगलं, पण वजनाचा विचार करा. ताग्वाच्या वस्तू सुरेख असतात. हे एका ताडाचं कठीण, हस्तिदंतासारखं पांढरं बी, त्याची बटणं आणि दागिने करतात. हस्तिदंताची आठवण येते, पण हत्तीचा संबंध नाही. ज्याला जग 'पनामा हॅट' म्हणते ती टोपी मुळात इक्वेडोरचीच. तिचं विणकाम २०१२ साली युनेस्कोच्या यादीत आलं. ती किनाऱ्याकडच्या मोंतेक्रिस्तीत आणि दक्षिणेला क्वेंकात विणतात. ओतावालोत मिळते, पण भारी दर्जाची हवी तर तिकडेच घ्यावी. चामड्याचं काही घ्यायचं असेल तर चौकात घेऊ नका, शेजारच्या कोताकाचीत जा. तिथे '१० दे आगोस्तो' रस्त्यावर दुतर्फा चामड्याचीच दुकानं आहेत.

पक्ष्यांची पिसं, कातडी, जुन्या मातीच्या मूर्ती टाळा. मूर्ती खऱ्या असतील तर देशाबाहेर नेणं गुन्हा, खोट्या असतील तर पैसे वाया.

भाषेचं काय? इंग्रजी चालतं का?

चौकात आकड्यांपुरतं चालतं. गुरांच्या बाजारात आणि बसमध्ये नाही. भाव, रंग, मापं एवढं स्पॅनिश पाठ करून जा. आपसात लोक किचवा बोलतात. २००८च्या राज्यघटनेने स्पॅनिशसोबत किचवा आणि शुआर यांनाही आंतरसांस्कृतिक व्यवहाराच्या अधिकृत भाषा म्हटलं आहे. सकाळी 'आल्यी पुंचा' आणि निघताना 'युपायचानी', म्हणजे धन्यवाद, एवढं म्हणालात तरी समोरच्या बाईची मान वर होते. भाव उतरेलच याची हमी नाही.

फोटो काढू का?

मालाचे काढा, पण ज्याच्या मालाचा काढताय त्याला विचारा. माणसांचे, विशेषतः म्हाताऱ्या बायकांचे आणि मुलांचे, विचारल्याशिवाय नाही. बायकांचा पोशाख खरोखर डोळ्यांत भरण्यासारखा असतो: भरतकाम केलेला पांढरा सदरा, गडद निळ्या-काळ्या कापडाचं गुंडाळलेलं 'अनाकू', गळ्यात सोनेरी काचेच्या मण्यांच्या बऱ्याच पदरी माळा, मनगटावर लाल मण्यांचे वेढे. पुरुष पांढरी विजार, निळा पोंचो, डोक्यावर फेल्ट हॅट आणि पाठीवर लांब वेणी. ही वेणी म्हणजे त्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे, कौतुकानेही हात लावू नका. हे कपडे पर्यटकांसाठी घातलेले नाहीत. बँकेतली कारकून बाई आणि शाळेत जाणारी मुलगीही हेच घालते.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

हाल नाहीत, पण लक्ष ठेवावं लागतं. '२४ दे मायो' या मंडईत खाण्याच्या रांगेत शिरलात की पहिल्यांदा दिसतं ते अख्खं भाजलेलं डुक्कर, 'ओर्नादो', तोंडात टोमॅटो वा मिरची खोवलेलं. विक्रेत्या चाखायला म्हणून तुकडा पुढे करतात. मान हलवून पुढे जा.

तुमच्या कामाचे पदार्थ: 'यापिंगाचो', चीज भरलेली बटाट्याची टिक्की, शेंगदाण्याच्या दाट सॉसबरोबर. 'मोते', म्हणजे साल काढून उकडलेला टपोरा मका. 'तोस्तादो', तव्यावर भाजलेला मका. 'चोचो', एक पांढरी, बराच काळ भिजवून कडूपणा काढलेली कडधान्याची बी, वर कांदा-टोमॅटो आणि लिंबू. 'लोक्रो', बटाटा आणि चीजचं दाट सूप, वर अवाकाडो. टेबलावरची 'आही' चटणी तोमाते दे आर्बोल या फळाची करतात, आंबट-तिखट असते. मराठी जिभेला तीच सगळ्यात आधी आवडते.

खबरदारी दोन ठिकाणी. टिक्की आणि मका बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून 'सिन मान्तेका', म्हणजे चरबी नको, असं सांगा. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढंच म्हणालात तर गोमांस-डुक्कर काढतील आणि कोंबडीचा रस्सा तसाच ठेवतील. सूप असेल तर पाणी कशाचं, हे विचाराच. कडक पथ्य असेल तर पर्यटकांसाठीची शाकाहारी उपाहारगृहं चौकाच्या आसपास मिळतात. फळांची मात्र चंगळ: तासो, नारांहिया, ग्रानादिया, माराकुया. रस उकळलेल्या पाण्यात करून घ्या किंवा दुधात.

इबाराला अर्ध्या तासात बस जाते, तिथे 'एलादो दे पाइला' खा. धातूची मोठी परात बर्फ आणि मिठावर फिरवत ठेवून फळांच्या रसाचं आइस्क्रीम घोटतात. पूर्वी हा बर्फ इम्बाबुरा ज्वालामुखीवरून आणत.

पैसे कोणते न्यायचे?

अमेरिकन डॉलर. इक्वेडोरने २००० साली आपलं सुक्रे हे चलन सोडून डॉलर घेतला. नोटा अमेरिकेच्या, सुटी नाणी अमेरिकेचीही आणि इक्वेडोरचीही चालतात. एक, पाच, दहाच्या नोटा भरपूर ठेवा. वीसची नोट बाजारात सकाळी कुणी मोडून देत नाही, शंभरची तर दुकानदार हातातही धरत नाहीत. चौकात कार्ड चालेल असं धरून जाऊ नका. गर्दीत पिशवी ब्लेडने कापायचे प्रकार होतात, पैसे पुढच्या खिशात.

बाजारानंतर एखादा दिवस असेल तर काय बघावं?

आमचं मत विचाराल तर बाजारापेक्षा हा दिवस मोलाचा. पेगुचे आणि अगातो ही विणकरांची गावं टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. घराच्या ओसरीवर माग असतो आणि प्रात्यक्षिक दाखवतात. लोकर विंचरायला एका काटेरी झाडाची वाळलेली बोंडं वापरतात. मग रंग. निवडुंगावरचा पांढरा बुरशीसारखा दिसणारा कोचिनील किडा तळहातावर चिरडतात, तळहात लालभडक होतो. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले की नारिंगी. राख किंवा सोडा टाकला की जांभळा. तपकिरी रंग अक्रोडाच्या सालीचा. हे बघून झाल्यावर पोंचोचा भाव कमी करावासा वाटत नाही आणि विकणाऱ्यालाही ते पुरतं माहीत असतं.

पेगुचेचा धबधबा जवळच आहे, गावकरीच त्याची देखभाल करतात. कोताकाचीच्या वर क्विकोचा हे ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, उंची ३,००० मीटरच्या वर, मध्ये दोन बेटं. कड्यावरून पूर्ण फेरी मारायला चार-पाच तास लागतात, तेवढा दम नसेल तर पहिल्या अर्ध्या तासातच चांगली दृश्यं मिळतात. इलुमान गाव फेल्ट हॅटसाठी आणि 'याचाक' म्हणजे वैदूंसाठी प्रसिद्ध. दारूची फुंकर, अंडं, कधी गिनीपिग अंगावरून फिरवून ते दुखणं काढतात. कुतूहल म्हणून जाणाऱ्यांनी जाऊ नये असं आम्हाला वाटतं, तिथे खरे आजारी लोक बसलेले असतात.

खोऱ्याच्या दोन बाजूंच्या दोन्ही ज्वालामुखींना इथे नात्याने हाक मारतात: तैता इम्बाबुरा, म्हणजे बाबा, आणि मामा कोताकाची, म्हणजे आई. कोताकाचीच्या माथ्यावर सकाळी बर्फ दिसलं की बाबा रात्री भेटून गेले, असं म्हातारे मिस्कीलपणे सांगतात.

कुठल्या सणाला जावं?

जूनमध्ये इंती राइमी, म्हणजे सूर्याचा सण. २२ जूनच्या रात्री लोक धबधब्यात आणि झऱ्यांत स्नान करतात आणि पुढचे बरेच दिवस घरोघर फेर धरून नाचतात. पाय आपटत, गोल फिरत, तासन्‌तास एकच ठेका. 'आया उमा' हा दोन तोंडांचा, डोक्यावर शिंगांसारख्या बटा असलेला मुखवटा तेव्हाच दिसतो. कोताकाचीच्या चौकावर गावं एकमेकांवर चाल करून जातात, तिथे कधीकधी दगड आणि अश्रुधूरही चालतो. लांबून बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीला यामोर, तेव्हा सात प्रकारच्या मक्याची चिचा, म्हणजे आंबवलेलं पेय मिळतं. सणांत हॉटेलं महिनाभर आधी भरतात.

सुरक्षित आहे का?

जानेवारी २०२४मध्ये इक्वेडोर सरकारने गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' जाहीर केला. ती हिंसा मुख्यतः किनारपट्टीवर, ग्वायाकिलच्या बाजूला आहे. ओतावालोत नेहमीची दक्षता पुरते: रात्री उशिरा रिकाम्या रस्त्यांवर हिंडू नका, टॅक्सी हॉटेलातून मागवा.

इथे खरी अडचण वेगळी, 'पारो' म्हणजे बंद. ऑक्टोबर २०१९, जून २०२२ आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मूलनिवासी संघटनांनी देशभर रस्ते अडवले. २०२५ला डिझेलवरचं अनुदान काढल्यामुळे पेटलेला बंद सुमारे महिनाभर चालला आणि इम्बाबुरा प्रांतच त्याचं केंद्र होता. महामार्ग झाडं आणि मातीचे ढीग टाकून बंद होता. अशा वेळी पर्यटकांना कुणी मुद्दाम त्रास देत नाही, पण तुम्ही अडकता. परतीचं विमान ओतावालोच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका. बंद जाहीर झाल्याची बातमी कानावर आली तर लगेच क्विटो गाठा.

हवा कशी असते?

वर्षभर साधारण सारखी. दुपारी वीस-बावीस अंश, रात्री आठ-दहा. जून ते सप्टेंबर कोरडं आणि वाऱ्याचं. दिवस कायम बारा तासांचा, सहाच्या पुढेमागे उजाडतं आणि मावळतं. स्वेटर विसरलात तर काळजी नको, योग्य गावात आला आहात.

शनिवार जमतच नसेल तर?

गुरुवारी क्विटोच्या दक्षिणेला, कोतोपाक्सी प्रांतात साकिसिली गावचा बाजार भरतो, दोन तासांवर. तिथे पर्यटकांसाठीचा माल थोडा. दोऱ्या, बादल्या, बियाणं, बटाट्यांचे डझनभर प्रकार आणि मेंढ्या. आणखी दक्षिणेला ग्वामोतेचा बाजारही गुरुवारचाच, तो याहून गावरान. घरी नेण्यासारखं तिथे फारसं मिळणार नाही, पण विकायला आणि घ्यायला आलेला प्रत्येक जण पंचक्रोशीतला असतो.